बाबांच्या कानांनी निवडलेला ॲम्प्लिफायर

मी घरी बनवलेल्या पहिल्या स्पीकरांना कोणता ॲम्प्लिफायर जोडायचा, हे बाबांनी ठरवलं. मी शाळेत विज्ञान शिकवते. ध्वनीच्या लहरी फळ्यावर काढून काढून माझा हात बसलेला आहे. पण ऐकायचं म्हणाल तर घरात कान एकच होता, बाबांचा. तेव्हा निवड त्यांच्यावर सोपवली यात काही चुकलं असं मला तेव्हा वाटलं नाही, आणि खरं तर आजही वाटत नाही. तरी त्या उन्हाळ्याची आठवण आली की वाटतं, दुसरा घेतला असता तर बरं झालं असतं.

बाबा मूळचे उंद्रीचे. गवंडीकाम करायचे. दिवसा लोकांच्या भिंती उभ्या करायच्या आणि जयंतीचे दिवस आले की गायन पार्टी घेऊन गावोगाव फिरायचं, असं त्यांचं निम्मं आयुष्य गेलं. पार्टीत एक पेटीवाले, एक ढोलकीवाले, मागे कोरस धरणारे दोघं-तिघं आणि पुढे बाबा. चिखली, मेहकर, सिंदखेड राजा, इकडे जालन्याच्या हद्दीतली गावं, सगळीकडे त्यांना बोलावणं असायचं. आवाज मोठा नव्हता, पण वर चढला की तिथे ठरायचा. माईक बिघडला तर बाबा माईक बाजूला ठेवून गात, आणि लोक उठून जात नसत, असं आई सांगते.

माझी मुलगी अंगणवाडीत जायला लागली त्या वर्षी बाबांच्या घशाचं ऑपरेशन झालं. कॅन्सर होता. मुंबईच्या डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकलं. गळ्याला समोर एक भोक राहिलं, श्वास तिथूनच घ्यायचा. त्यावर ते पातळ पांढरा रुमाल बांधतात. बोलण्यासाठी एक मशीन मिळालं, टॉर्चएवढं. ते हनुवटीखाली दाबून धरायचं, बटण दाबायचं आणि ओठ हलवायचे; मग शब्द बाहेर पडतात, पण सगळे एकाच सुरात, गुणगुणणाऱ्या मोटारीसारखे. आयुष्यभर सुरांत वावरलेल्या माणसाला ते मशीन किती जड गेलं असेल. ते फार कमी वापरतात. एरवी हाताने, भुवयांनी, नाहीतर तळहातावर बोटाने अक्षरं काढून बोलतात. ऑपरेशननंतर मी त्यांना आणि आईला देऊळगाव राजाला माझ्याकडे घेऊन आले. माझे मिस्टर जालन्याला कारखान्यात नोकरीला, रोज सकाळच्या बसने जातात. घरात जागा होती आणि माणसांची गरजही.

बाबांच्या गाण्यांच्या काही कॅसेट आमच्याकडे होत्या. कार्यक्रमात कुणीतरी स्टेजवर टेपरेकॉर्डर ठेवून भरलेल्या. टेपरेकॉर्डर कधीच बंद पडला होता. त्या कॅसेट मी जालन्याच्या एका व्हिडिओ शूटिंगवाल्याकडून पेन ड्राइव्हवर उतरवून आणल्या आणि मोबाइलमध्ये घातल्या. बाबा मोबाइल कानाला लावून बसायचे. फोनवर कुणाशी तरी बोलत असावेत तसे. बोलणारे तेच आणि ऐकणारेही तेच. मोबाइलमधून ढोलकी पत्र्याच्या डब्यासारखी वाजायची आणि आवाज माशी भुणभुणल्यासारखा यायचा. ते बघवेना. मुलगी शिकायला संभाजीनगरला गेली होती, उन्हाळ्याची सुट्टी लागली होती, हाताला काम नव्हतं. विकतचा स्पीकर आणता आला असता. पण शाळेत इतकी वर्षं कागदाचा कोन आणि चुंबक दाखवून मुलांना स्पीकर समजावला, एकदा तो आपल्या हाताने करून बघावा असं मनात आलं.

आठवडी बाजाराच्या रस्त्यावरच्या सुताराकडून प्लायवूडचे तुकडे कापून आणले. प्रत्येक पेटीत एक मोठा स्पीकर आणि वरच्या बारीक आवाजासाठी एक छोटा ट्विटर. बाबा पहिले दोन दिवस नुसते बघत होते. तिसऱ्या दिवशी आत जाऊन त्यांनी आपला जुना गुण्या काढून आणला, कोपऱ्याला लावला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. कोपरा काटकोनात नव्हता. तिथून पुढे पेट्या त्यांच्याच झाल्या. फटी अशा बुजवल्या की पाणी भरलं तरी गळू नये. पुट्टी भरून, घासून, पुन्हा भरून त्यांनी त्या लाकडाला भिंतीसारखा गिलावा केला. आई दारात बसून भाजी निवडायची आणि म्हणायची, या माणसानं आपल्या घराची भिंत कधी इतकी घासली नाही. बाबा हसायचे. त्यांच्या हसण्याला आवाज नाही, खांदे हलतात फक्त. कित्येक दिवसांत ते तसे हसले नव्हते.

मग ॲम्प्लिफायरचा प्रश्न आला. स्पीकर स्वतः काही करत नाही. त्याला हलवायला ताकद लागते, ती ॲम्प्लिफायर देतो. ती किती हवी आणि कशी हवी, यावर मी मोबाइलवर इतके व्हिडिओ पाहिले की डोकं भणभणलं. आमचे स्पीकर चार ओहमचे होते, म्हणजे वीज जास्त ओढणारे. त्यांना साजेसा ॲम्प्लिफायर नसेल तर तो तापतो. एवढं समजलं. बाकी कुणी म्हणे वॅट जास्त हवेत, कुणी म्हणे वॅट म्हणजे काहीच नाही.

बस स्टँडकडच्या एका दुकानात गेले. तिथे दुकानदार स्वतः ॲम्प्लिफायर जोडून विकतो. पत्र्याचा मोठा डबा, उचलताना दोन हात लागावेत असा आतला ट्रान्सफॉर्मर, पुढे निळे दिवे, बेसचं बटण, ट्रेबलचं बटण, माईक लावायची सोय. मी चार ओहमचं विचारलं तर तो म्हणाला, "मॅडम, काही होत नाही. आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल बघा." गल्लीला ऐकवायचं नाही, असं सांगितल्यावर तो जरा नाराज झाला. पण माणूस चांगला. घरी नेऊन वाजवून बघा, नाही पटलं तर परत आणा, म्हणाला. दुसरा ॲम्प्लिफायर मी ऑनलाइन मागवला होता. तो तळहातावर मावेल एवढा. त्याला दिवा एक, बटण एक, आवाज कमी-जास्त करायचं. वीज द्यायला लॅपटॉपच्या चार्जरसारखा चार्जर. आईने तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि विचारलं, बाकीचा कुठं आहे?

दोन्ही घरात आले तेव्हा मी बाबांना भिंतीकडे तोंड करून बसवलं. कोणता वाजतोय ते दिसायला नको. कूलर बंद केला, पंखा बंद केला. जो जोरात वाजतो तो चांगला वाटतो, म्हणून मोबाइलवर आवाज मोजून दोन्ही सारखे केले. आपलंच गाणं लावू का, विचारलं तर बाबांनी हाताने नाही म्हटलं. ढोलकी लाव, अशी खूण केली. एक नुसत्या ढोलकीचं रेकॉर्डिंग होतं, ते लावलं. आधी डबा, मग छोटा, पुन्हा डबा, पुन्हा छोटा. आम्ही सगळे घामाने निथळत होतो. डब्यावर ढोलकी भरदार वाजायची, छातीवर आदळायची. माझ्या मिस्टरांना आणि आईला तोच आवडला. खरं सांगायचं तर मलाही. छोट्यावर ती लहान वाटायची, पण वाजवणाऱ्याचं बोट पुडीवरच्या काळ्या शाईवरून घसरलं तर तेही कळायचं.

बाबांनी मशीन गळ्याला लावलं. "दुसरा," ते म्हणाले. मग थांबून पुन्हा, "पयल्यात समदं गोड होऊन येते. याच्यात जसं हाय तसं."

मी डबा परत करून आले. दुकानदाराला कारण सांगितलं तर त्याला काही पटलं नाही.

पुढचे काही दिवस आमचे फार चांगले गेले. दुपारचं जेवण झालं की बाबा पुढच्या खोलीत येऊन बसत. मी मोबाइलवरून शोधून एकेक लावून देई. सनई, बासरी, पेटी, कुणाकुणाची कव्वाली. स्वतःच्या कॅसेट मात्र त्यांनी राखून ठेवल्या होत्या. त्या ऐकायच्या तर पेटीवाल्या काकांसोबत, असं त्यांनी तळहातावर लिहून मला सांगितलं. काका म्हणजे पार्टीतले त्यांचे जोडीदार, अजून उंद्रीलाच राहतात. गुडघे गेले आहेत, बसने येणं अवघड. शेवटी एका रविवारी माझे मिस्टर मोटारसायकलवर जाऊन त्यांना घेऊन आले.

काका आले, पाणी प्यायले, स्पीकरच्या पेट्यांवरून हात फिरवला आणि बाबांच्या पाठीत थाप मारून म्हणाले, "काऊन बे, मिस्तरी, आता लाकडात बी प्लास्टर करून राह्यला काय?" दोघं जवळजवळ बसले. मी मोबाइलवरून सगळ्यात जुनी कॅसेट लावली.

आणि बाबा गायला लागले. दुसरं कसं सांगू मला कळत नाही. आमच्या पुढच्या खोलीत, दोन पेट्यांच्या मधोमध, एक तिशीतला माणूस उभा राहून गात होता. आईने पदर तोंडाला लावला. काकांची बोटं मांडीवर पेटी वाजवत होती. बाबा डोळे मिटून बसले होते आणि त्यांचे ओठ हलत होते, शब्दाला शब्द. वरचा स्वर आला तेव्हा गळ्यावरचा रुमाल जोरात हलला. त्यांनी श्वास भरला होता, तेव्हासारखा. आमच्याकडून एवढं तरी झालं, असं मला त्या क्षणी वाटलं. इतका आनंद मला स्वतःच्या नोकरीचा नव्हता झाला.

तिथेच थांबायला हवं होतं. पण काका म्हणाले, शेवटची लाव, त्याच्यात माझी नवी पेटी हाय.

शेवटच्या कॅसेटवर सुरुवातीला निवेदक बोलतो. गायकांच्या नातीचा आज पहिला वाढदिवस, तरी ते आपल्या गावाच्या शब्दाला जागून आले, असं म्हणून तो हार घालायला कुणाला तरी बोलावतो. टाळ्या पडतात. ते ऐकून आम्ही सगळे हसलो. ती नात म्हणजे माझी मुलगी. मग पेटी सुरू झाली, खरंच सुंदर वाजली, आणि बाबांनी पहिली ओळ घेतली.

कॅसेटला एक खरखर असते, ती सतत असते, गाणं असो नसो. ती मला माहीत होती. पण त्या दिवशी ऐकू आलं ते वेगळं. बाबांच्या ओळीबरोबर दुसरी एक खरखर सुरू व्हायची आणि ओळ संपली की थांबायची. कॅसेटची खरखर मागे तशीच राहायची. म्हणजे ही कॅसेटची नव्हती, गळ्यातली होती. आधी मला वाटलं, मलाच भास होतोय. पण काकांची बोटं मांडीवर थांबली होती. अंतरा आला. तिथे बाबांचा आवाज चढायचा आणि ठरायचा, ती त्यांची जागा. टेपमध्ये त्यांनी ती ओळ अर्धी घेतली आणि उरलेली कोरसवर सोडली. टाळ्यांमध्ये कुणाच्या ध्यानातही आलं नसेल. छोट्या ॲम्प्लिफायरने ते सगळं आमच्यासमोर मांडून ठेवलं, ओळ सोडताना घेतलेला अर्धा श्वाससुद्धा.

मी बंद करायला उठले. बाबांनी हात धरला आणि पुन्हा लाव अशी खूण केली. पुन्हा ऐकलं. त्यानंतर आणखी एकदा.

काका जमिनीकडे बघत म्हणाले, "त्या दिवशी तू मले पट्टी उतरवाले लावली होती. काळी दोनची काळी एक केली. मी इचारलं त तू म्हने, सर्दी हाय."

बाबांनी मशीन उचललं, गळ्याला लावलं आणि बटण दाबलं. "तवाच गेला होता," ते म्हणाले.

ऑपरेशन त्यानंतर जवळजवळ दोन वर्षांनी झालं. मुंबईला डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला होता, आवाज केव्हापासून बसलाय? आम्ही सगळ्यांनी एकमेकांकडे बघून दोन-तीन महिन्यांपासून असं सांगितलं. खोटं नाही सांगितलं. आम्हाला तेवढंच ठाऊक होतं. कार्यक्रमात कर्णे लावलेले असायचे, कर्ण्यातून कुणाचाही आवाज घोगराच येतो. घरात ते सिमेंटच्या धुळीतून यायचे, खोकायचे, गूळ खायचे. ती कॅसेट माझ्याकडे सुरुवातीपासून होती. टेपरेकॉर्डरवर मी ती किती वेळा ऐकली असेन, मुलीला झोपवताना सुद्धा. जुनी फीत घासली गेली म्हणून असा आवाज येतो, असंच वाटायचं.

काकांना सोडायला मिस्टर गेले. आई स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. मी जवळ गेले तशी ती माझ्याकडे न बघता म्हणाली, त्या दिवसांत हे सकाळी उठून गुणगुणत नव्हते. आधी रोज गुणगुणायचे. मला वाटलं, वय झालं, आजोबा झाले, म्हणून. एवढं बोलून ती पुन्हा थापायला लागली. त्या संध्याकाळी घरातला जो तो आपापल्या आठवणीत एखादी खूण शोधत होता, आणि प्रत्येकाला ती सापडत होती.

बाबांनी त्यानंतर आपल्या कॅसेट मागितल्या नाहीत. आठवडा गेला, दुसरा गेला. दुपारी ते पुढच्या खोलीत यायचे बंद झाले. मला राहवलं नाही. मी त्याच दुकानात जाऊन तो पत्र्याचा डबा विकत आणला. बाबा आंघोळीला गेले असताना जोडला, ट्रेबलचं बटण मागे घेतलं, बेस थोडा वाढवला आणि डबा कपाटाच्या आत ठेवला. शेवटची कॅसेट लावून पाहिली. खरखर गेली होती. आवाज जरा झाकल्यासारखा, पण गोड. अर्धी सोडलेली ओळही ढोलकीत बुडून गेली होती.

दुपारी मी त्यांना हाताला धरून आणलं आणि तीच कॅसेट लावली. त्या दिवशी मोबाइलमध्येच काहीतरी अडकलं असेल, आता साफ येतंय, असं मी म्हणाले. बाबा थोडा वेळ ऐकत राहिले. मग उठले, स्पीकरच्या पेटीजवळ गेले आणि ट्विटरपुढे कान नेला. तिथून तारेचा माग काढत कपाटापर्यंत आले आणि दार उघडलं. निळे दिवे लागलेले होते.

त्यांना राग आला असता तर सोपं गेलं असतं. ते खाली बसले, मशीन गळ्याला लावलं.

"मले फसवू नको, माय," ते म्हणाले. "माह्या गळ्याचं हाय ते."

एका सुरातल्या त्या मशीनमधून माया कळत नाही, दुःख कळत नाही. त्यांचे ओठ बघून समजून घ्यावं लागतं. मी बघितलं नाही. तारा सोडवण्याचं निमित्त करून मी खाली मान घालून बसले. दुसऱ्या दिवशी डबा मिस्टरांच्या कारखान्यातल्या एकाला देऊन टाकला आणि छोटा पुन्हा जोडला.

पुढच्या तपासणीला मुंबईला गेलो तेव्हा बाबांनी स्वतःच मशीन लावून डॉक्टरांना विचारलं, दोन वर्षं आधी आलो असतो तर आवाज राहिला असता काय? डॉक्टर नवीन होते, तरुण. त्यांनी जुने कागद चाळले आणि म्हणाले, आता ते सांगता येत नाही. कदाचित नुसत्या किरणांच्या शेकावर भागलं असतं, कदाचित नसतं. बाबांनी मान हलवली. बाहेर आल्यावर त्यांनी आईला चहा घेऊन दिला, स्वतः घेतला. परतीच्या गाडीत खिडकीशी बसून राहिले. त्या "कदाचित"चं त्यांनी मनात काय केलं, ते मला माहीत नाही. मी त्याचं अजून काही करू शकलेले नाही.

आता ते पुन्हा दुपारी ऐकतात. बहुतेक दुसऱ्यांचं. कधीमधी स्वतःची सगळ्यात जुनी कॅसेट, तीही एखाद-दुसरं गाणं. मोबाइलवर नवीन मुलं गातात, त्यांचं लावलं तर बोटाने हवेत ताल धरतात आणि कुणी वरच्या जागी चुकला की माझ्याकडे बघून भुवई उडवतात. आई तेव्हा खोलीत थांबत नाही. काहीतरी काम काढून मागे जाते. मी तिला विचारलेलं नाही.

मला मात्र एक सवय लागली. कुणाचाही आवाज बसलेला ऐकला की माझं लक्ष तिथून हटत नाही. खेळाच्या स्पर्धेत ओरडून आलेली मुलं दुसऱ्या दिवशी घोगरी बोलतात, ती चार दिवसांत बरी होतात, तरी मी मोजत असते. यंदा शाळेतल्या क्लार्कचा आवाज दिवाळीनंतर बसला तो संक्रांत आली तरी उघडेना. मी त्यांना दवाखान्यात जायला सांगितलं. ते हसले. मी पुन्हा सांगितलं, मग त्यांच्या बायकोला फोन करून सांगितलं. स्टाफरूममध्ये माझी थट्टा झाली. अखेर ते चिडून जालन्याला जाऊन घशात दुर्बीण घालून तपासून आले. काहीही निघालं नाही. जास्त बोलता, कमी बोला, असं डॉक्टरांनी सांगितलं म्हणे. ते मला सगळ्यांसमोर म्हणाले, "झालं समाधान मॅडम? उगीच घाबरवलं तुम्ही मला." मी हो म्हणाले. झालंच होतं.

त्या दिवशी घरी आले तेव्हा बाबा अंगणात खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी भुवया उंचावून विचारलं, आज उशीर का? क्लार्कचं काही न सांगता, शाळेत मीटिंग होती एवढंच म्हणून मी आत गेले.